मैदानाच्या कडेने : मुलींचा लॅक्रॉस आणि शिकवणाऱ्यांची परंपरा

लॉस एंजेलिस येथे २०२८ मध्ये होणाऱ्या ऑलिंपिकमधील नव्या खेळांविषयी गेल्या अंकात या सदरात लिहिले होते. क्रिकेट आणि स्क्वॉश यांच्यासोबत लॅक्रॉसचाही समावेश करण्याचा निर्णय आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत भरलेल्या अधिवेशनात घेतला, हा त्यातील उल्लेख वाचून नाशिक शहरातून आणि जिल्ह्यातून बरीच पत्रे आली. त्यांतील बहुतेक पत्रे अमेरिकेतील हायस्कूलच्या मुलींच्या संघांविषयी आणि तेथील प्रशिक्षणाच्या पद्धतीविषयी विचारणारी आहेत. ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. टोकाला जाळी असलेल्या काठीने रबरी चेंडू झेलायचा, जाळीत सांभाळत धावायचे, सहकारी मुलीकडे फेकायचा आणि सुमारे १.८३ मीटर रुंद व तेवढ्याच उंच अशा चौकोनी गोलमध्ये मारायचा, असा हा खेळ आहे. मैदानावरच्या मुलींना चेंडूला हात लावता येत नाही. गोलरक्षक मुलीला मात्र आपल्या वर्तुळात तशी मुभा असते.

प्रश्न : माझा मुलगा आणि सून मेरीलँडमध्ये राहतात. नात यंदा नववीत गेली आणि शाळेच्या लॅक्रॉस संघाच्या निवड चाचणीला उतरली. तिला ‘जेव्ही’ संघात घेतले, ‘व्हार्सिटी’त घेतले नाही, म्हणून घरात सगळेच हिरमुसले आहेत. प्रशिक्षक ओळखीच्यांच्या मुलींना पुढे करतात, असे सूनबाईंचे म्हणणे आहे. मला खेळातले फारसे कळत नाही, पण नातीची समजूत कशी काढावी? शिवाय या खेळावर कॉलेजची शिष्यवृत्ती मिळते असे मुलगा म्हणतो, ते कितपत खरे आहे? – एक आजोबा, पंचवटी

उत्तर : आजोबा, आपल्या नातीला कोणी कमी लेखलेले नाही, हे आधी घरात सगळ्यांना सांगा. अमेरिकेतील हायस्कूल म्हणजे नववी ते बारावी अशी चार वर्षे. तेथील मोठ्या शाळेत एकाच खेळाचे दोन आणि कधी तीन संघ असतात. व्हार्सिटी हा शाळेचा मुख्य संघ असून त्यात प्रामुख्याने अकरावी-बारावीच्या मुली असतात. ज्युनिअर व्हार्सिटी, म्हणजेच जेव्ही, हा त्याच्या पाठीमागचा संघ. आणि मुली पुरेशा असतील तेथे फक्त नववीच्या मुलींचा तिसरा संघही निघतो. नववीतली मुलगी थेट मुख्य संघात जाणे हा कोठेही अपवादच असतो, आणि मेरीलँडमध्ये तर विशेषच, कारण बाल्टिमोर व त्याच्या आसपासचा परिसर हे अमेरिकेतील या खेळाचे जुने माहेर आहे. तेथील पुष्कळ मुली प्राथमिक शाळेपासून वस्तीतल्या क्लबात ही काठी हाताळत आलेल्या असतात, आणि त्यांच्यातून आपल्या नातीची जेव्हीसाठी निवड झाली, ही समाधानाचीच गोष्ट आहे.

मुख्य संघाच्या बाकावर बसून हंगाम काढण्यापेक्षा जेव्हीत पूर्ण सामना खेळायला मिळणे नववीच्या मुलीच्या दृष्टीने कितीतरी हिताचे असते. चांगल्या शाळांमध्ये दोन्ही संघांना एकाच पद्धतीने शिकवतात. बचावाची रचना तीच, चेंडू आपल्या गोलपासून वर काढण्याची रीत तीच, हाका आणि खुणाही त्याच असतात, म्हणजे पुढच्या वर्षी वर गेलेल्या मुलीला नव्याने काही शिकावे लागत नाही. प्रशिक्षक पक्षपात करतात किंवा नाही, हे नाशिकमध्ये बसून मी सांगू शकणार नाही. तेथे अशी रीत मात्र आहे, की आईवडिलांनी बोलण्याआधी खेळाडूने स्वतः जाऊन प्रशिक्षकांना विचारावे. “पुढच्या वर्षी वर यायचे असेल तर मी कशावर मेहनत घेऊ?” एवढाच प्रश्न नातीने शांतपणे विचारावा. बहुतेक वेळा उत्तर अगदी नेमके मिळते, जसे, डावा हात कच्चा आहे, किंवा चेंडू हातून गेल्यावर तू मागे धावत नाहीस. तेवढे उत्तर उन्हाळ्याच्या सुट्टीत करायच्या मेहनतीला पुरते.

शिष्यवृत्तीविषयी मुलाला एवढे सांगा, की ती मिळते हे खरे, पण तिच्या भरवशावर घराचे गणित मांडू नये. तेथे कॉलेजांच्या संघांचे तीन विभाग केलेले असतात. त्यांतील पहिल्या दोन विभागांत खेळासाठी आर्थिक मदत देता येते, आणि लॅक्रॉसमध्ये ती बहुधा अंशतः असते. तिसऱ्या विभागातील कॉलेजांना खेळासाठी शिष्यवृत्ती देताच येत नाही. पहिल्या विभागातील प्रशिक्षकांना मुलगी अकरावीत जाते त्या वर्षीच्या १ सप्टेंबरपूर्वी तिच्याशी भरतीविषयी बोलण्यास मनाई आहे. आठवी-नववीतल्या मुलींकडून कॉलेजे तोंडी होकार घेऊ लागली होती, त्याला आळा घालण्यासाठी २०१७ मध्ये हा नियम करण्यात आला. तेव्हा नातीपुढे दोन वर्षे निर्धास्तपणे खेळण्याची आहेत, आणि ती तिला तशीच मिळू द्यावीत.

प्रश्न : आमची मुलींची शाळा गंगापूर रस्त्यावर आहे. अमेरिकेत स्थायिक झालेल्या एका माजी विद्यार्थिनीने शाळेला लॅक्रॉसच्या काही काठ्या आणि चेंडू पाठवण्याची तयारी दाखवली आहे. शाळेला मैदान आहे, उत्साही क्रीडाशिक्षिका आहेत, परंतु त्यांनी हा खेळ कधी शिकवलेला नाही. तिकडच्या काही शाळांचे मुलींचे संघ वर्षानुवर्षे उत्तम निघतात, ते कशामुळे? आणि आम्ही सुरुवात कोठून करावी? – एक मुख्याध्यापिका, नाशिक

उत्तर : मॅडम, आपल्या पत्रातील पहिला प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण त्याच्या उत्तरातच दुसऱ्याचे बरेचसे उत्तर आहे.

मुलींचा लॅक्रॉस शाळांमधूनच वाढला, आणि तोही एका शिक्षिकेकडून दुसरीकडे जात वाढला. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथील सेंट लिओनार्ड्स या मुलींच्या शाळेच्या पहिल्या मुख्याध्यापिका लुईसा लम्सडेन यांनी १८८४ मध्ये उत्तर अमेरिकेच्या प्रवासात हा खेळ पाहिला. त्यातून त्या शाळेत १८९० मध्ये मुलींचा पहिला सामना झाला. त्या वेळी तेथे मुख्याध्यापिका असलेल्या फ्रान्सिस डव्ह यांनी पुढे १८९६ मध्ये इंग्लंडमध्ये वायकम अ‍ॅबी ही शाळा काढली आणि हा खेळ तेथेही रुजला. सेंट लिओनार्ड्सचीच एक माजी विद्यार्थिनी रोझाबेल सिंक्लेअर यांनी १९२६ मध्ये बाल्टिमोरच्या ब्रिन मॉर स्कूलमध्ये मुलींचा संघ उभा केला, आणि अमेरिकेतील मुलींच्या शालेय लॅक्रॉसची परंपरा तेथून सुरू झाली असे मानले जाते. अमेरिकेच्या लॅक्रॉस हॉल ऑफ फेममध्ये पहिली महिला म्हणून १९९२ मध्ये सिंक्लेअर यांचा समावेश झाला. ज्या काळात मुलींनी मैदानावर धावणेही अनेकांना रुचत नव्हते, त्या काळात या बाईंनी आपल्या शाळेत जे शिकले ते दुसऱ्या देशात नेऊन शिकवले, याचे मला फार मोल वाटते.

यानंतरची मोठी घटना कायद्याची आहे. सरकारी निधी घेणाऱ्या शिक्षणसंस्थांमध्ये मुलींना मुलांइतकीच संधी द्यावी, असे बंधन अमेरिकेत १९७२ मध्ये आले. त्या सुमारास तेथील हायस्कूलमध्ये खेळणाऱ्या मुली, सर्व खेळ धरून, तीन लाखांच्या आसपास होत्या. आज त्या तीस लाखांहून अधिक आहेत. या वाढीतून मैदाने मिळाली, साहित्य मिळाले, आणि मुख्य म्हणजे शाळेत खेळलेल्या मुलींना पुढे प्रशिक्षक होण्याची वाट मिळाली.

आता चांगले संघ कशामुळे निघतात ते पाहू. बाल्टिमोरजवळच्या मॅकडोनो शाळेच्या मुलींनी २००९ ते २०१८ या काळात सलग १९८ सामने जिंकले. हायस्कूलमध्ये मुलगी चारच वर्षे असते, हे लक्षात घेतले तर या मालिकेच्या शेवटी खेळणाऱ्या मुली तिच्या सुरुवातीला प्राथमिक शाळेत होत्या, असे दिसेल. संघातील प्रत्येक मुलगी बदलली आणि खेळ टिकला, याचा अर्थ तो एखाद्या गुणी मुलीच्या पायांवर उभा नव्हता. पैसा, मैदाने आणि क्लबांचा पाठिंबा यांचा वाटा त्यात मोठा असतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. तरीही तेवढाच पैसा असलेल्या अनेक शाळांना हे साधत नाही. ज्यांना साधते, त्यांच्याकडे जाणारी मुलगी येणाऱ्या मुलीला शिकवून जाते. बारावीच्या मुलीकडे नववीची मुलगी सोपवलेली असते. कर्णधार सराव सुरू करून देते. कॉलेज संपवून गावी परतलेली माजी खेळाडू जेव्ही संघाची सहायक प्रशिक्षक होते आणि काही वर्षांनी मुख्य संघ हाती घेते. मुख्य प्रशिक्षक पुष्कळदा त्याच शाळेत इतिहास किंवा गणित शिकवणाऱ्या असतात, त्यामुळे मुलगी वर्गात कशी आहे आणि घरी काय चालले आहे, हेही त्यांना ठाऊक असते.

नाशिकला हे परके नाही. विजेंद्र सिंग यांच्या मार्गदर्शनाखाली सावरपाड्याची कविता राऊत धावली आणि तिने २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटर शर्यतीत कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळवले. त्यांच्याच हाताखाली पुढे चांदवड तालुक्यातली संजीवनी जाधव घडली. एका मुलीपाशी न थांबता मुलींची रांग उभी राहते ती अशा सातत्यामुळे. उलट एका क्रीडाशिक्षिकेची बदली झाली आणि तिच्याबरोबर शाळेचा खो-खोचा किंवा हॉकीचा संघही संपला, हे आपल्या जिल्ह्यात कितीदा घडले आहे, ते आपण जाणताच.

म्हणून माझी पहिली सूचना अशी, की काठ्या येण्याआधी दोन शिक्षिका आणि आठवी-नववीच्या सहा-सात मुली निवडा. मुली निवडताना सर्वांत वेगवान कोण, हे पाहू नका. धाकट्यांना शिकवण्याची ज्यांना हौस आहे आणि तेवढा धीर आहे, अशा पाहा. पहिले सत्र त्यांच्यापुरतेच ठेवा. दुसऱ्या सत्रात त्यांच्यातील प्रत्येकीकडे पाचवी-सहावीच्या दोन-तीन मुली द्या. सरावाची एक वही ठेवा आणि ती मुलींनाच लिहू द्या: आज काय केले, कोणाला काय जमले नाही, उद्या कोठून सुरुवात करायची. शिक्षिका बदलल्या तरी ही वही शाळेत राहते.

प्रत्यक्ष शिकवताना सुरुवात क्रेडलिंगपासून करावी. मुलींच्या काठीची जाळी उथळ ठेवावी लागते; जाळीत चेंडू ठेवून बाजूने पाहिले असता चेंडूचा वरचा भाग कडेच्या वर दिसला पाहिजे, असा नियम आहे. मुलांच्या काठीची जाळी खोल असल्यामुळे त्यांचा चेंडू तिच्यात पुष्कळसा आपोआप बसून राहतो. मुलींना मात्र धावताना मनगट आणि पुढचा हात सतत आत-बाहेर वळवत चेंडू जाळीशी धरून ठेवावा लागतो, आणि यालाच क्रेडलिंग म्हणतात. वरच्या हाताची बोटे सैल असावीत, खालचा हात काठीच्या टोकाशी पक्का असावा, आणि काठीचे डोके कानाच्या जवळपास उभे राहावे. नवी मुलगी सुरुवातीला दोन चुका हमखास करते. एक तर ती वरची मूठ आवळते, त्यामुळे मनगट वळत नाही, सगळा दंडच हलू लागतो आणि चेंडू उडतो. दुसरे म्हणजे ती चेंडूकडे पाहत धावते. अशा वेळी शिकवणाऱ्या मुलीने तिच्या समोर उभे न राहता शेजारी उभे राहावे, म्हणजे डाव्या-उजव्याचा घोळ होत नाही. दोघींनी आधी जागच्या जागी, मग चालत, मग हळूहळू धावत क्रेडल करावे, आणि शिकवणारीने मध्येच मोकळ्या हाताची बोटे वर करून “किती?” असे विचारावे. बोटे मोजायची म्हणजे मान वर करावीच लागते. नजर चेंडूवरून उठली आणि तरी चेंडू जाळीत राहिला, की पहिला टप्पा पार झाला.

त्यानंतर भिंत. अमेरिकेतील प्रत्येक चांगली खेळाडू भिंतीशी एकटीने केलेल्या सरावातून घडते, आणि त्यासाठी शाळेची कुंपणभिंतही पुरते. तीन-चार मीटरवर उभे राहून फेकायचे आणि परत येणारा चेंडू काठी किंचित मागे घेत झेलायचा. उजव्या हाताने पन्नास, डाव्या हाताने पन्नास. डावा हात आठवडाभर रडवतो, पण तो टाळलेल्या मुलीला पुढे प्रत्येक बचावपटू एकाच बाजूला ढकलत नेते. खरा चेंडू १४२ ते १४९ ग्रॅम वजनाचा टणक रबरी असतो. म्हणून पहिले काही दिवस टेनिसचा चेंडू वापरावा. आपल्याकडच्या मुरमाच्या मैदानावर जमिनीवरचा चेंडू वेडावाकडा उसळतो, आणि तो उचलण्यासाठी वाकून काठी जमिनीलगत सरकवावी लागते, तेव्हा गुडघे आणि बोटे सोलवटतात. मैदानाचा एक पट्टा तरी खडे वेचून, पाणी मारून, दाबून घ्यावा.

सामन्यासाठी अकरा-बारा मुलींचा पूर्ण खेळ मनात धरू नका. अमेरिकेतील हायस्कूलमध्ये गोलरक्षकासह बारा मुली खेळतात, परंतु ऑलिंपिकमध्ये येणारा प्रकार ‘सिक्सेस’ हा आहे. त्यात गोलरक्षकासह सहा जणी, ७० बाय ३६ मीटरचे मैदान, आठ-आठ मिनिटांची चार सत्रे, आणि चेंडू ताब्यात आल्यावर ३० सेकंदांत गोलवर मारा करण्याचे बंधन असते. कमी काठ्या, लहान मैदान आणि प्रत्येक मुलीच्या वाट्याला भरपूर चेंडू, या तिन्ही दृष्टींनी तो आपल्या शाळेला सोयीचा आहे. गोलचा सांगाडा अंबड किंवा सातपूरमधला कोणीही फॅब्रिकेटर लोखंडी पाइपचा करून देईल. पावसाळ्यात भिंत आणि व्हरांडा, दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंत मैदान, असे वर्ष आखले तर वार्षिक परीक्षेच्या आड काही येत नाही.

तिकडच्या पद्धतीतील एक गोष्ट मात्र आपण घेऊ नये, असे मला मनापासून वाटते. शाळेच्या हंगामाबाहेर महागड्या खासगी क्लबांत वर्षभर खेळल्याशिवाय शाळेच्या संघातही जागा मिळू नये, अशी स्थिती तेथे अनेक ठिकाणी झाली आहे, आणि त्यामुळे ऐपत नसलेल्या घरांतील मुली दाराबाहेरच राहतात. शाळेच्या काठ्या शाळेतच राहाव्यात आणि ज्या मुलीच्या घरी काहीच घेणे शक्य नाही तिच्याही हातात त्या पडाव्यात, एवढी काळजी आपण पहिल्या दिवसापासून घ्यावी.

प्रश्न : माझी मुलगी आठवीत आहे आणि चष्मा लावते. मोबाइलवर या खेळाचे काही व्हिडिओ पाहिले, त्यांत खेळाडू एकमेकांना काठ्यांनी ठोकताना आणि अंगावर धडकताना दिसतात. हा खेळ मुलींसाठी सुरक्षित आहे का? – एक आई, सिडको

उत्तर : ताई, आपण पाहिलेले व्हिडिओ मुलांच्या खेळाचे असावेत. मुलांच्या मैदानी लॅक्रॉसमध्ये अंगाला धक्का देण्यास परवानगी आहे, म्हणून ते शिरस्त्राण, हातमोजे आणि खांद्याचे पॅड घालतात. मुलींच्या खेळात अंगावर धडकणे हा फाउल आहे. प्रतिस्पर्धी मुलीच्या काठीवर नियंत्रित टोला देऊन चेंडू पाडता येतो, परंतु तिच्या डोक्याभोवती सुमारे १८ सेंटिमीटरच्या आत काठी नेणे गंभीर समजले जाते. याखेरीज मला फार शहाणपणाचा वाटतो तो एक नियम असा, की गोलवर मारा करण्याच्या तयारीत असलेली मुलगी आणि गोल यांच्यामधल्या मोकळ्या जागेत, तिला काठीच्या अंतरावरून न अडवता, बचावपटूने नुसते उभे राहायचे नाही. तसे ती उभी राहिली तर वेगाने येणारा चेंडू तिलाच लागेल, म्हणून पंच लगेच शिट्टी वाजवतात.

तरी धोका नाहीच असे म्हणता येणार नाही. चेंडू किंवा काठी चेहऱ्याला लागू शकते. अमेरिकेत मुलींना डोळ्यांवर जाळीदार गॉगल आणि तोंडात माउथगार्ड सक्तीचे आहे, आणि ही सक्ती झाल्यानंतर तेथील शाळांमध्ये डोळ्यांच्या दुखापती घटल्या. फ्लोरिडा राज्याने तर मुलींना मऊ शिरस्त्राणही सक्तीचे केले आहे. गोलरक्षक मुलीला शिरस्त्राण, गळ्याचे आणि छातीचे संरक्षण यांशिवाय एक चेंडूसुद्धा अडवू देऊ नये, मग तो सराव का असेना. आपल्या मुलीचा चष्मा गॉगलच्या आत नीट बसतो का, की तिच्या नंबरचा खेळाचा चष्मा करून घ्यावा लागेल, हे नेत्रतज्ज्ञांना विचारून ठरवा. शाळेने गॉगल पुरवले नसतील तर ते येईपर्यंत मुलीला भिंतीशी टेनिसच्या चेंडूनेच सराव करू द्या.

गुडघ्याचा धोका मात्र आया सहसा विचारातच घेत नाहीत. धावता धावता एकदम वळण्याच्या सर्वच खेळांत वयात येणाऱ्या मुलींच्या गुडघ्यातील अस्थिबंधाला इजा होण्याचे प्रमाण मुलांपेक्षा अधिक असते. सरावाआधी पंधरा मिनिटे उड्या मारून गुडघे वाकवत अलगद उतरणे, एका पायावर तोल सांभाळणे, थांबणे आणि वळणे शिकवले जाते का, हे शिक्षिकांना अवश्य विचारा. डोक्याला मार लागल्यानंतर मुलीला चक्कर, मळमळ किंवा डोकेदुखी जाणवली, तर त्या दिवशी तिने पुन्हा मैदानात उतरायचे नाही आणि डॉक्टरांना दाखवल्याशिवाय नंतरही नाही, याविषयी शाळेत आणि घरात एकमत असावे.

प्रश्न : हा खेळ इंग्रजांचा, अमेरिकनांचा की कॅनडाचा? – एक निवृत्त शिक्षक, सातपूर

उत्तर : सर, तो उत्तर अमेरिकेतील मूळ रहिवाशांचा आहे. विशेषतः हौडेनोसॉनी, म्हणजे मोहॉक, ओनायडा, ओनोंडागा, कयुगा, सेनेका आणि टस्करोरा या सहा राष्ट्रांच्या समूहात तो शतकानुशतके खेळला गेला आहे, आणि त्यांच्या दृष्टीने तो निर्मात्याने दिलेला, आजाऱ्याला बरे करणारा खेळ आहे. माँट्रिअलचे दंतवैद्य विल्यम जॉर्ज बिअर्स यांनी १८६७ मध्ये त्याचे नियम लिहून काढले, तेव्हापासून त्याला आजचे रूप येऊ लागले. कॅनडाने १९९४ मध्ये कायदा करून त्याला आपला उन्हाळी राष्ट्रीय खेळ ठरवले. हौडेनोसॉनींचा स्वतंत्र संघ जागतिक स्पर्धांत उतरतो. मुलींना हा खेळ शिकवताना त्याच्या मूळ मालकांची ओळख पहिल्याच तासाला करून द्यावी, असे मी प्रत्येक शाळेला सुचवेन.

प्रश्न : लॅक्रॉस खेळल्यास दहावीला क्रीडा गुणांची सवलत मिळेल का? – एक पालक, नाशिक रोड

उत्तर : शासनाच्या यादीत खेळ असणे आणि मान्यताप्राप्त स्पर्धेत ठरलेल्या पातळीपर्यंत खेळणे, यांवर ही सवलत अवलंबून असते. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात चालू वर्षाची यादी पाहावी आणि जे उत्तर मिळेल ते लेखी घ्यावे. एखादा खासगी क्लब किंवा संघटना गुणांचे आश्वासन देऊन शुल्क मागत असेल, तर यादी पाहिल्याशिवाय पैसे भरू नयेत.

प्रश्न : मी नववीत आहे आणि आमच्या शाळेच्या खो-खो संघात आहे. मला लॅक्रॉस शिकायचा आहे, पण आमच्याकडे कोणीच तो खेळत नाही. खो-खोचा उपयोग होईल का? ऑलिंपिकपर्यंत जाता येईल का? – एक विद्यार्थिनी, सिन्नर

उत्तर : बाळ, खो-खोचा खूप उपयोग होईल. हुलकावणी देताना खांदे एका बाजूला आणि पाय दुसऱ्या बाजूला नेणे, वाकून वेगाने निघणे आणि चार पावलांत पूर्ण थांबणे, हे लॅक्रॉसमध्ये आक्रमण करणाऱ्या मुलीला रोज लागते, आणि तुझ्या पायांना ते आधीच येते. पाठलाग करताना तुला खो-खोत दिशेचे बंधन असते. येथे ते नसते, त्यामुळे मागे वळून निसटण्याची सवय तुला नव्याने लावावी लागेल. हात मात्र शून्यापासून शिकतील.

२०२८ मध्ये महिलांचे फक्त सहा संघ खेळणार आहेत, तेव्हा ती स्पर्धा तू टीव्हीवर पाहा आणि प्रत्येक वेळी चेंडू नसलेल्या मुली कोठे धावतात तेवढेच बघत राहा. ते पाहायला शिकलीस, की अर्धा खेळ समजला. तोपर्यंत खो-खो सोडू नकोस. तुझ्या क्रीडाशिक्षकांना हे पान दाखव आणि तुमच्या शाळेच्या दोन-तीन मुलींना एखाद्या रविवारी गंगापूर रस्त्यावरच्या शाळेत सराव पाहायला घेऊन जाता येईल का, ते विचार. तिथल्या मुख्याध्यापिकांचे पत्र तू वर वाचलेच आहेस. त्यांची तयारी झाली, की या मासिकाच्या पत्त्यावर मला लिही; तुमची गाठ घालून देण्याचे काम माझे.